काणी कोणाची

प्रिय रूपाली,

परवा फोनवर तू इतक्या सहज "काणीला पाठवून दे ना इकडे" म्हणालीस, की क्षणभर मला वाटलं वाटीभर विरजणच मागते आहेस. मी "बघते" म्हटलं. इतक्या वर्षांच्या शेजारानंतर माझ्या "बघते"चा अर्थ तुला कळायला हवा होता. "बघते" म्हणजे "नाही"च, फक्त इस्त्री केलेलं. पण तू "बरं, बघ" म्हणून फोन ठेवून दिलास, तेव्हा आता मला सविस्तर लिहिणं भाग आहे. बोलताना तू मध्येच हसतेस, आणि तू हसलीस की माझा मुद्दा सुटतो. कागदावर हसायला तुला बंदी नाही. मला ऐकू येत नाही, तेवढं पुरे.

आधी नावाचं बघू. तिचं नाव विशालाक्षी आहे. एका डोळ्याच्या मांजरीला विशालाक्षी म्हणणं ही थट्टा आहे, असा तुझा जुना आरोप. माझं म्हणणं, जो डोळा उरला आहे तो विशालच आहे. तू मात्र पहिल्या दिवसापासून "काणे, ए काणे" करत राहिलीस आणि ती निर्लज्ज त्या हाकेला शेपूट उभी करून धावत राहिली. मी अगदी संस्कृत संबोधनाच्या नियमाप्रमाणे ऱ्हस्व करून "विशालाक्षि" अशी शुद्ध हाक मारली, तरी तिने कधी कानसुद्धा हलवला नाही. शाळेतल्या मुलांचंही तेच आहे, म्हणून मी मनावर घेतलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

ती सापडली तो दिवस आठवतो का गं? सावंगीच्या मेडिकल कॉलेजात इंटर्नशिप संपली की पोरं डॉक्टर होऊन आपापल्या गावी जातात आणि हॉस्टेलच्या खोलीत लपवून वाढवलेली मांजरं मागे राहतात. वर्षानुवर्षं मायेनं दूध पाजायचं, नावं काय ठेवायची तर फिमर, टिबिया, प्लाझ्मा, आणि निघायच्या दिवशी आपल्या दारात खोका आणून ठेवायचा. "मॅम, पंधरा दिवसांत घ्यायला येतो." असे पंधरा दिवस अजून कुणाचेच संपलेले नाहीत. काणीच्या नशिबी तर खोकाही नव्हता. मेसच्या मागे, भांडी घासायच्या मोरीपाशी पडली होती. डोळा पिकलेला, अंगाची काडी झालेली. मी शहाण्यासारखी टॉवेल घेऊन पुढे झाले, तर मला कडकडून चावली. तू मागून आलीस, ओढणीत गुंडाळलंस, आणि ती तुझी बोटं चाटायला लागली. इंजेक्शनं मी घेतली. दंड माझा सुजला. आणि तू मला दवाखान्याच्या बाकावर बसवून सगळ्या नर्सना मोबाईलवर तिचे फोटो दाखवत होतीस. षड्रिपू शिकवताना मत्सर मी सगळ्यात शेवटी घेते. त्या बाकावर त्याने पहिला नंबर पटकावला.

बरं, राहिली कुणाकडे? माझ्याकडे. कारण तुझ्या कैलासरावांना मांजराच्या केसाने शिंका येतात. दूधभात माझा, औषधं माझी, वाळूचा ट्रे माझा, सोफ्याचे उसवलेले कोपरे माझे. तू संध्याकाळी शाळेतून यायचीस, स्कूटीचा आवाज वळणावर असतानाच ही फाटकाच्या खांबावर चढून बसलेली. मग तासभर तुझ्या मांडीवर घुरघुर. माझ्या मांडीवर ती आयुष्यात एकदाच बसली, तेही मी तुझी शाल पांघरली होती म्हणून. एकदा हे सगळं मी अण्णाजींना रागाने सांगत होते, तर वडील असूनही त्यांनी माझी बाजू घेतली नाही. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मंजे, मांजर रूपालीचं हाय. तू निस्ती मेसवाली. मेसवालीवर कोनी जीव लावते का?"

तरी ते दिवस चांगले होते. दारात आलेलं पिल्लू कुणाला पाळायला द्यायचं म्हणजे आपण काय थाट करायचो! लोकांना घरी बोलवायचं, पोहे करायचे, पिल्लाला पुसून-बिसून समोर आणायचं, आणि मग उलट आपणच त्यांचं घर बघायला जायचं. विहिरीला कठडा आहे का, कुत्रं आहे का, आजी मांजराला अशुभ मानते का. तू आजीशी गप्पा मारत बसायचीस आणि मी खिडक्यांच्या जाळ्या हलवून बघायचे. नाकं मुरडली लोकांनी. "एवढी चौकशी आमच्या पोरीच्या लग्नात नाई झाली," असं एक जण म्हणाला होता. आणि गिरडचं ते घर? मी मंदाकिनी नाव ठेवून, दोन्ही बाजूंनी नीट तपासून, मुलगी म्हणून दिलेलं पिल्लू. काही महिन्यांनी त्या बाईंचा फोन, "मॅडम, तुमची पोरगी त पोरगा निंघाला. आता ठेवू का वापस आनू?" तू हसत हसत रस्त्यात खाली बसलीस. वर्गात तीन लिंगं शिकवणाऱ्या बाईला पिल्लाचं एक ओळखता येऊ नये, हे तू त्यानंतर निदान शंभर जणांना सांगितलंस. मी चिडले होते. आता कुणी सांगत नाही, तर तेही बरं वाटत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत कैलासरावांची बदली झाली आणि तू कारंजाला गेलीस. मी समजूतदारपणे डबा भरून दिला, ट्रकवर नारळ फोडला. मला वाटलं, तिथे तुला करमणार नाही. वाटलं कशाला, तशी खात्रीच होती. पण महिनाभरात तुझ्या स्टेटसवर फोटो सुरू झाले. हायवेच्या ढाब्यावर ट्रकच्या ताडपत्रीतून निघालेलं पिल्लू. संत्र्याच्या क्रेटमध्ये झोपलेली दोन पिल्लं. आणि प्रत्येक फोटोच्या कडेला एक बाई. रुंद कपाळ, पदरात मांजर, तोंडभर हसू. खाली तू लिहिलेलं: "माझी नवी पार्टनर, विमलाबाई ढाबेवाल्या." नवी! म्हणजे जुनी कुठे भंगारात गेली? मी तो फोटो मोठा करून पाहिला. पिल्लू धरलं होतं तेही चुकीचं, मागचे पाय लोंबकळत होते. खाली मी फक्त "सुंदर" लिहिलं. तुला ते कौतुक वाटलं असेल. वाटू दे.

मग मागच्या आठवड्यात तुझ्या मोबाईलवरून विमलाबाईंचाच फोन आला. तू आंघोळीला गेली होतीस म्हणे, आणि पिल्लाला जंताचं औषध किती द्यायचं ते त्यांना तेव्हाच हवं होतं. मी वजन विचारून प्रमाण सांगितलं, शक्य तितक्या कोरड्या आवाजात. औषध राहिलं बाजूला आणि त्या म्हणाल्या, "तुम्हीच का त्या मंजूबाई? रूपालीनं त डोकं पिकवलं माह्यं. पिल्लू उचललं का 'आमची मंजू असं नाई धरत'. दूध पाजलं का 'आमची मंजू कोमट करून पाजते'. म्या म्हटलं, एवढी चांगली हाय त सोबत काऊन नाई आनली?" हे त्यांनी जरा रागानेच म्हटलं. रूपाली, तो राग मला ओळखीचा वाटला. बाई बऱ्या आहेत. पिल्लाचे पाय धरायला शिकव त्यांना.

आता काणीचं. तू विचारतेस तेव्हा मी "मजेत आहे, झोपली आहे" सांगते. झोपते ती, पण फाटकाच्या खांबावर. संध्याकाळी वळणावर कुठलीही स्कूटी आली की उठून उभी राहते आणि पुढे निघून गेली की पुन्हा बसते. मी खाली खुर्ची टाकून पेपर तपासत बसते. पेपर घरातही तपासता येतात, पण फाटकापाशी उजेड चांगला असतो. मागे एकदा तू बोलत असताना मी फोनचा स्पीकर लावला. ती धावत आली, फोन हुंगला, पंज्याने उलटा केला. खाली तू नव्हतीस. मग तिने माझ्याकडे पाहिलं, जणू मीच तुला कुठेतरी लपवून ठेवलं आहे, आणि परत खांबावर जाऊन बसली. तुला मी सांगितलं, नेटवर्क गेलं.

हल्ली ती जेवत नाही. दूधभात हुंगते आणि सोडते. मी मासळी आणली, माझ्या घरात, अण्णाजींच्या देखत, अख्ख्या गल्लीला वास जाईल अशी शिजवली. तिने एक घास खाल्ला, तोही माझ्यावर उपकार म्हणून. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दात पाहिले, पोट दाबलं, ताप मोजला. म्हणाले, "मॅडम, इले काही रोग नाई. घरातलं कोनी गेलं काय?" मी म्हटलं, घरातलं नाही, शेजारचं. तर म्हणाले, "तिले काय समजते, शेजारचं का घरचं." मी फी देऊन बाहेर आले आणि रिक्षाला हात करायचं विसरून तशीच चालत सुटले.

तुला ठाऊक आहे, भक्तीचे दोन न्याय मी दरवर्षी शिकवते. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः चिकटून बसतं, सुटू देत नाही. मांजराचं पिल्लू काहीच करत नाही; आई मानगुटीला धरून नेईल तिथे जातं. मुलांना मी ठासून सांगते, दुसरा श्रेष्ठ. आणि मी स्वतः? कैलासरावांच्या बदलीची बातमी आली तेव्हा मनातल्या मनात ऑर्डर रद्द व्हावी म्हणून गणपतीला जास्वंदी वाहत होते. तू "काणीला पाठव" म्हणालीस तेव्हा पहिला विचार आला, आता हीही तुझ्याकडे गेली तर सुट्टीत वर्ध्याला यायला तुला कारण काय राहील? ती इथे आहे तोवर तू येशील, असा माझा हिशेब होता. त्या हिशेबात मांजर उपाशी होतं.

तर एव्हाना तुला कळलंच आहे की हे पत्र टपालाने आलेलं नाही. आपल्या गल्लीतला राकेश दर रविवारी गाडी घेऊन कारंजाला संत्री आणायला जातो, त्याच्या हाती आलं आहे, टोपलीबरोबर. टोपलीवर मी ठळक लिहून चिकटवलं होतं, "आधी पत्र वाचावे". पण तू आधी टोपलीच उघडली असशील आणि हे वाचताना ती तुझ्या मांडीवर असेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, मत्सर आहे. कैलासरावांच्या नाकासाठी ती मागची पडवी मोकळी ठेव म्हणजे झालं. पहिले काही दिवस दार लावून ठेव, नाहीतर ट्रकांच्या रस्त्यावर जाईल. अण्णाजींचा आग्रह होता की तिला पोत्यात घालून पाठवावं. "रस्ता दिसला त वापस येईन थे." आपल्याकडे मांजर असंच नेतात, मलाही माहीत आहे. तरी मी जाळीची टोपली घेतली, खिडकीकडच्या बाजूला ठेवायला लावली, आणि राकेशला म्हटलं, हळू चालव, बघू दे तिला. फाटकाशी दोघी बसत होतो. टोपलीत मावणारी तेवढी पाठवली आहे. ती आता तुझी, आणि माझी मुळात नव्हतीच, हे मी शुद्धीवर राहून लिहिते आहे. फक्त एक कर, रूपाली. ती आज पहिल्याच दिवशी पोटभर जेवली, तर मला कळवू नकोस. दोन दिवस जाऊ दे आणि मग सांग, की आत्ता कुठे खायला लागली.

तुझीच, खुर्ची अजून आत न नेलेली,
मंजुषा