वीस मिनिटे खळखळ

३ फेब्रुवारी. सकाळी ८.१०.
आजपासून रोजनिशी. उद्देश निव्वळ शास्त्रीय. पंधरा दिवसांत घरातलं प्लास्टिक शून्यावर आणायचं आणि निरीक्षणं टिपायची. भीतीबिती काही नाही. वर्तमानपत्रात तीस वर्षं आरोग्याचं सदर लिहिणारा माणूस असल्या गोष्टींना भीत नसतो.

काल सदरासाठी एक लेख वाचत होतो. विषय बिस्फेनॉल-ए. टणक, पारदर्शक प्लास्टिकमध्ये असतं. हवाबंद खाद्याच्या डब्यांच्या आतल्या अस्तरात, दुकानातल्या गुळगुळीत पावतीवरसुद्धा. तापवलं की सुटून अन्नात उतरतं आणि शरीरात गेल्यावर हार्मोनचं सोंग घेतं. तान्ह्या बाळांच्या बाटल्यांमधून अनेक देशांनी त्याला हद्दपार केलंय. नेमकं नुकसान किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत.
वाद आहेत म्हटल्यावर सामान्य माणसाने शांत राहावं. मी शांत आहे.

तोच दिवस. दुपारी.
एक नोंद राहिली. एकोणतीस वर्षांपूर्वी माझ्या सदरात बालसंगोपनाचं चौदावं सूत्र छापून आलं होतं: ‘बाळाची बाटली वीस मिनिटे खळखळ उकळावी व गरम असतानाच तीत दूध भरावे.’ बाटली कसली, ते लिहिलं नव्हतं. गरज नव्हती. तेव्हा सगळ्यांकडे तीच असायची, टणक, पारदर्शक, पडली तरी न फुटणारी. आमच्याकडेही होती. लेक तेव्हा चार महिन्यांची.
लेकीला आता सातवा महिना आहे. सहा वर्षांच्या उपचारांनंतर.
बाटली आणि उपचार यांचा एकमेकांशी संबंध नाही. याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. कावळ्याचा दोष नसतो. फक्त हा कावळा जरा वजनदार वाटतो.

५ फेब्रुवारी.
स्वयंपाकघरावर चढाई. ओट्याखाली डबे सापडले सत्तेचाळीस, झाकणं एकोणसाठ. बारा झाकणं कशाची, हा प्रश्न आरोग्याच्या कक्षेबाहेरचा आहे, म्हणून सोडला. बायको दारात उभी होती. म्हणाली, अहो, मग डाळी काय माझ्या पदरात बांधू? म्हटलं, काचेच्या बरण्या आणू. म्हणाली, घासणार कोण? मी विषय बदलला.
तह: डबे बाल्कनीत, डाळी पातेल्यांत. संध्याकाळी स्वयंपाकाला पातेलंच उरलं नाही. चिरलेली भाजी प्लास्टिकच्या टबात ठेवावी लागली. तात्पुरती.

८ फेब्रुवारी. ऑफिस.
माझ्या खुर्चीमागे पिण्याच्या पाण्याचा मोठा प्लास्टिकचा जार उलटा बसवलेला आहे. कुणी ग्लास भरून गेलं की जरा वेळाने त्याच्या पोटातून एक बुडबुडा वर येतो. गुडुप. सात वर्षांत कधी ऐकू आला नव्हता. आज अकरा वेळा आला. दर वेळी वाटलं, मागे कुणीतरी येऊन उभं आहे आणि काहीतरी सांगायला घसा साफ करतंय.
अकराही वेळा मागे वळून पाहिलं. दोनदा शिपाई होता. नऊदा कुणी नव्हतं.
जागा बदलून मागितली. प्रुफं तपासणारे काका म्हणाले, पंखा लागत असेल तुम्हाला. हो म्हटलं.

१२ फेब्रुवारी.
निर्णय पक्का. लेकीला सगळं सरळ सांगायचं. आडपडदा नाही.
फोन केला. चाळीस मिनिटं बोललो. हवा, जावयाची पाठदुखी, तिच्या पायांची सूज. शेवटी म्हटलं, एक विचारायचं होतं. म्हणाली, विचारा ना बाबा. म्हटलं, पाणी भरपूर पितेस ना? म्हणाली, पिते. म्हटलं, छान. म्हणाली, एवढंच? म्हटलं, एवढंच.
पार्श्वभूमी उत्तम तयार झाली आहे. पुढच्या वेळी थेट मुद्दा.

१३ फेब्रुवारी. सकाळी ६.३०.
चहाचं पाणी उकळायला लागलं. खळखळ आवाज आला. गॅस बंद केला. चहा कोमट झाला, रंगही आला नाही. कोमट पेय पचनाला बरं. यावर सदर होऊ शकेल.

१९ फेब्रुवारी.
नवा विचार. आधी जगाला सांगावं, मग लेकीला सोपं जाईल. पेपरात शुद्धिपत्र द्यायचं. तीन ओळी पुरेत: असं लिहिलं होतं, ते चुकलं, तसं करू नका.
संध्याकाळपर्यंत अकरा पानं झाली. पूर्वपक्ष संपला, उत्तरपक्ष यायचाय. संस्कृत शिकलेल्या माणसाला ‘चुकलं’ एवढं लिहायलासुद्धा आधी मंगलाचरण लागतं.
बायकोने मागून वाकून पाहिलं. म्हणाली, कुणाची माफी मागताय एवढी? म्हटलं, माफी नाही, भूमिका आहे. म्हणाली, मग झोपा आता भूमिका घेऊन.

२४ फेब्रुवारी.
संपादकाकडे गेलो. वयाने माझ्या निम्मा. पहिलं पान वाचून म्हणाला, सर, एकोणतीस वर्षांपूर्वीच्या सदराची दुरुस्ती? अहो, कालचा अंक आज कुणाला आठवत नाही. एवढी वर्षं ते कात्रण उराशी धरून कोण बसलं असेल?
लेखक म्हणून मला अपमान वाटायला हवा होता. इतकं हलकं वाटलं की मी त्याला चहा पाजला. कागदी कपातून. कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो, हे कप रिकामे झाल्यावर आठवलं.
गजनिमीलिका म्हणतात ती हीच. हत्ती सगळं दिसत असूनही डोळे मिटून घेतो. हत्ती शहाणा प्राणी आहे.

१० मार्च.
बाळासाठी काचेच्या बाटल्या. चार दुकानं पालथी घातली, सहा मिळाल्या. पावती रुमालात धरून घेतली. दुकानदार म्हणाला, साहेब, पावती आहे ती, निखारा नाही. त्याला काय कळणार.
कापडी पिशवी नेमकी घरी राहिली होती. बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीतून आणल्या. जिन्यात पिशवीचा बंद तुटला. सहापैकी एक वाचली. तिचं बूच प्लास्टिकचं आहे.
मोहीम एक षष्ठांश यशस्वी.

२२ मार्च.
लेकीच्या घरी. आज सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो.
पोट एवढं, तरी बाईसाहेब स्टुलावर उभ्या राहून बाळाच्या खोलीत पडदा लावत होत्या. म्हटलं, उतर आधी. म्हणाली, उतरते हो, तुम्ही नुसतं स्टूल धरा. धरलं. पडद्याच्या कड्या ओवता ओवता तीच बोलायला लागली. बाबा, सहा वर्षं डॉक्टरांनी किती विचारलं मला. खाता काय, झोपता किती, घराण्यात कुणाला काही होतं का. शेवटी म्हणाले, कारण सापडत नाही. तेच सगळ्यात वाईट होतं, बाबा. कारण सापडलं असतं तर निदान त्याच्यावर रागावता तरी आलं असतं.
कारण खाली स्टूल धरून उभं होतं.
बोललो नाही. उंचावर उभ्या असलेल्या गरोदर बाईला धक्का बसेल असं काही सांगू नये. हा साधा वैद्यकीय विवेक आहे.
ती खाली उतरल्यावरही बोललो नाही. त्याचं कारण सापडत नाही.

१४ एप्रिल. पहाटे ५.२०.
नात झाली. लेक सुखरूप. बोटं वीस. दोनदा मोजली.

१६ एप्रिल.
हॉस्पिटलच्या बाकावर बसून बायकोला सगळं सांगितलं. सूत्र चौदा, खळखळ, हार्मोनचं सोंग, सहा वर्षं. सांगताना चष्मा दोनदा पुसला. धूळ फार होती.
बायकोने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, अहो, तुमच्या लेकीने कधी तोंडात धरली होती का ती बाटली? फुर्र करून उडवायची. दात येईपर्यंत वाटी-चमच्याने पाजलंय मी तिला, मनगटं मोडून आली माझी. तुम्ही बघितलं नाहीत, कारण तुम्ही दुसर्‍या खोलीत बसून बाळाला कसं पाजावं ते लिहीत होता. आणि तुमचं सदर वाचून संसार केला असता ना मी, तर आज आपण दोघंही नसतो. त्या बाटलीत माझी बटणं असायची.
बटणं!
निर्दोष सुटलो. आपलं घरातल्या कुणीही कधीही ऐकलं नाही, याचा एवढा आनंद आजवर कुठल्या लेखकाला झाला नसेल.
शुद्धिपत्र फाडलं. डबे बाल्कनीतून आत आणले. रोजनिशी समाप्त. उद्देश सफल.

२ मे.
रोजनिशी पुन्हा उघडावी लागली. किरकोळ कारण आहे.
लेकीचं दूध कमी पडतं, म्हणून बाळाला वरचं सुरू केलंय. दोन आठवड्यांपासून बाळ सांभाळायला एक मावशी येतात. साठीच्या आहेत, हात स्वच्छ, चेहरा कडक. गेलो तेव्हा ओट्यावर पातेलं उकळत होतं. त्यात बाटल्या. मावशी भिंतीवरच्या घड्याळासमोर उभ्या, परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारख्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, अजून सहा मिनिटं.
लेक हसत म्हणाली, बाबा, चेहरा असा काय केलात? काचेच्या आहेत त्या. प्लास्टिकचं मी कधीच वाचलंय सगळं. मावशी, हेच ते, सदर लिहिणारे.
मावशींनी पदराला हात पुसले. म्हणाल्या, अगं बाई, तुम्हीच का ते! साहेब, तुमच्या एका वाक्यावर मी साठावर पोरं वाढवलीत. पूर्वी घरोघर त्या न फुटणार्‍या बाटल्या असायच्या. मालकिणी म्हणायच्या, नुसत्या विसळ गं, गॅस किती जाळतेस. मी म्हणायचे, पेपरात छापून आलंय, वीस म्हणजे वीस. माझ्या दोघींनापण तसंच पाजलं. गरम गरम. धाकटीचं बरं चाललंय. थोरलीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, अजून काही नाही. डॉक्टर म्हणतात, कारण सापडत नाही. नशीब, दुसरं काय.
पातेलं खळखळत होतं.
म्हटलं, मावशी. म्हणाल्या, काय साहेब? लेक माझ्याकडे बघत होती. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. वाक्य तयार होतं. तीन शब्दांचं होतं.
म्हटलं, थोरलीला नीट जेवायला सांगा.
मावशींनी पिशवीतून कात्रण काढलं. पिवळं पडलेलं, चार घड्यांचं, वरून लॅमिनेशन केलेलं. म्हणाल्या, सही करा ना साहेब, सूत्राच्या खाली. थोरलीला दाखवीन, तिला बरं वाटेल.
खरं तर तेव्हाच सांगणार होतो. पण त्या इतक्या आनंदात होत्या. पुढच्या गुरुवारी सांगेन, निवांत, त्या एकट्या असताना.
प्लास्टिकवर पेन उठेना. जावयाने आतून मार्कर आणून दिला.
सही छान आली.