जोखमीच्या कागदाची तीन वर्षं

४ मार्च, मंगळवार

आज तीन वर्षं झाली. कोर्टात उभी राहिले तो हा दिवस. नवरा गेल्याला महिना झाला नव्हता. वाइन पिऊन गाडी काढली आणि कुंपणात घातली. कुणाला लागलं नाही. लागू शकलं असतं. सबब लिहीत नाही.

तेव्हापासून विमा कंपनी माझ्या नावाचा एक कागद राज्याच्या परवाना खात्यात भरते — ही बाई जोखमीची आहे, पण तिचा विमा चालू आहे. तीन वर्षं, एका दिवसाचाही खंड नको. आज सुटले.

विमा एजंट लायलला फोन केला. माझाच विद्यार्थी, अपूर्णांकात कच्चा. म्हणाला, "मॅडम, कागद गेला तरी हप्ता तोच राहणार. गुन्हा नोंदीत आणखी दोन वर्षं दिसतो."

महिना २१२ डॉलर. शेजारीण ८८ भरते, आणि तिने स्वतःच्या गॅरेजचं दार दोनदा फोडलंय.

"मग कागद सुटून मिळालं काय?"

"आता दुसऱ्या कंपन्या तुम्हाला दारात तरी उभं करतील. पण थांबा, तारीख एकदा बघू द्या मला—"

तारीख मला पाठ आहे. फोन ठेवला.

६ मार्च, गुरुवार

दुसरी कंपनी मिळाली. १३१! अर्जात खात्याचा कागद हवा का, विचारलं होतं. "नको"वर खूण केली. लायलकडचा विमा बंद केला.

ऑर्विल म्हणाला, "म्हणजे आता तू पुन्हा सभ्य. रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बस." माझा थोरला भाऊ. मूत्रपिंडं गेली, मीठ बंद झालं, जीभ शाबूत आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार मीच त्याला शहरात डायलिसिसला नेते. जाऊन-येऊन नव्वद मैल.

१९ मार्च, बुधवार

डायलिसिसहून आलो तर पेटीत खात्याचं पत्र. परवाना निलंबित.

तीन वर्षं कोर्टाच्या दिवसापासून मोजायची नव्हती. परवाना परत मिळाला त्या दिवसापासून. तो मिळाला त्या वर्षी १५ एप्रिलला. मी चाळीस दिवस आधीच विमा मोडला, आणि जुन्या कंपनीने नियमाप्रमाणे कागद बंद झाल्याचं खात्याला कळवलं. आता नव्वद दिवस गाडीला हात लावायचा नाही. त्यापुढे कागदाची तीन वर्षं, पहिल्यापासून.

मी चौतीस वर्षं गणित शिकवलं.

२० मार्च, गुरुवार

लायलकडे चालत गेले. तो हसला नाही, हे नमूद करते.

"इथे सगळे कोर्टाचाच दिवस धरतात, मॅडम. तोच लक्षात राहतो."

"तू थांबा म्हणाला होतास."

"तुम्ही कधी थांबलात?"

नव्या कागदासकट हप्ता २९०. सही केली. चालवता येत नाही त्या गाडीचा विमा.

२१ मार्च, शुक्रवार

चर्चच्या मिसेस नॉरबर्ग ऑर्विलला घेऊन गेल्या. यापुढे जमणार नाही म्हणाल्या, त्यांच्या गाईंना वासरं व्हायची वेळ आहे. काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, व्हॅन शहरात फक्त बुधवारी जाते. सोमवारला कुणीही नाही. अकरा फोन केले.

२४ मार्च, सोमवार

आजचं डायलिसिस चुकलं.

२५ मार्च, मंगळवार

त्याचे पाय सुजलेत. बूट चढेना. दोन उशा घेऊनही आडवं झालं की धाप लागते.

"एक दिवस न घासलेलं ताट कुणी फेकून देतं का, आल्मा?"

"ताटाला श्वास घ्यावा लागत नाही. गप्प बस."

व्हॅन उद्या.

२८ मार्च, शुक्रवार

गाडी मी चालवली. परवान्याशिवाय.

"पकडलं तर?" ऑर्विलने विचारलं.

"तुरुंग."

"आणि सोमवारी मला कोण नेणार? जेलर?"

मी गाडी काढली. ताशी पंचावन्न मैलांच्या वर गेले नाही. परतताना शेरीफची गाडी मागे लागली. चार मैल. मग धान्याच्या कोठाराशी वळून गेली. मग मला गाडी कडेला घ्यावी लागली; पुन्हा सुरू करायला दहा मिनिटं लागली. त्याने ते पाहिलं.

घरापर्यंत एक टोमणासुद्धा नाही. मला ते आवडलं नाही.

३१ मार्च, सोमवार

सकाळी काचेवरचा बर्फ खरवडून आत आले. ऑर्विल अजून सपातांमध्ये, टेबलाशी. शुक्रवारी मी आंघोळीला गेले तेव्हा त्याने डायलिसिस केंद्राला फोन करून तिथली आपली खुर्ची कायमची सोडली. डॉक्टरशीही बोलून झालंय. खुर्ची दुसऱ्याला दिलीसुद्धा.

मी डॉक्टरला फोन लावला. डायलिसिसशिवाय दहा दिवस जगेल म्हणाले. फार तर चौदा.

"ओरडून झालं असेल तर अंडी कर," ऑर्विल म्हणाला. "आणि मीठ घाल त्यात. भरपूर."

घातलं.