घटपर्णीचं पाणी

पिंगळी, ५ ऑगस्ट २०२४

ती. दादास तानूचा शि. सा. नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. सूनबाईनं, निकितानं, माहेराहून एक झाड आणून ओसरीत टांगलंय. घटपर्णी. पानांच्या टोकांना झाकणाची सुगडं लोंबतात, आत चिकट पाणी. मुंगी घसरली की तिथंच विरते. दर शनिवारी कुणीतरी ही सुगडं रिकामी करतं. दोन वाळली.

निकिताला माझा संशय आहे. मी ओसरीत गेले की तिचं भांडी घासणं थांबतं. काल विचारलं, "आई, शनिवारी दुपारी तुमी कुठं होता?" कुठं असणार? शनिवारी घरातलं साठलेलं पाणी हे उपसतात, मी रांजण घासते. आता तिनं सुगडांना दोरा बांधलाय. हात लागला तर तुटावा म्हणून.

तिला सातवा महिना आहे. १९ तारखेला तिचा भाऊ न्यायला येतोय. माझ्या मुलाला, योगीराजला, म्हणाली, बाळाला घेऊन परत येईनच असं नाही.

माया आहेच, ती राहू दे.
तानू

मानवत, १० ऑगस्ट

चि. तानूस आशीर्वाद.

खरं सांग, तूच नाहीस ना? लहानपणी माझी शाई सांडून मांजरावर ढकलायचीस. रागावू नकोस. पण रांजणात डोकं घालतेस तेव्हा तुझे पंडितराव कुठं असतात, तेवढं पाहा.

उत्तराची वाट पाहतो.
दादा

पिंगळी, २६ ऑगस्ट

ती. दादास शि. सा. नमस्कार.

दोरा यांनीच तोडला. मी रांजणाआडून पाहिलं. एकेक सुगड तळहातावर ओतलं, उन्हाकडं धरलं, डासाची अळी शोधली. निकिता दारात उभी होती. हे तिला म्हणाले, "पिंकीला डेंग्यू झाला तवा घरात एक वाटी पाणी उघडं होतं." सोळा वर्षांत पहिल्यांदा लेकीचं नाव घेतलं. सुनेला आम्ही, नणंद तापानं गेली, एवढंच सांगितलं होतं.

त्या पाण्यात अळी मरते असं निकितानं समजावलं. यांना पटलं नाही. आता सुगडांना मलमलीचं फडकं बांधलंय. शनिवारी हे सोडतात, ती मुंग्या टाकते, हे परत बांधतात. तिचा भाऊ चहा पिऊन एकटाच गेला. बाळंतपण इथंच होणार.

तू विचारलंस, तूच नाहीस ना. सुगडं मी सांडली नाहीत. पिंकीच्या वेळची ती उघडी वाटी मात्र चिमण्यांसाठी मीच ठेवत असे. यांना ते ठाऊक आहे का, हे कळावं म्हणून सोळा वर्षं मी त्यांच्या तोंडाकडं पाहते.

हे वाचूनही लोभ ठेव.
तानू