रस्त्याच्या मधोमध निखारा

धार, आषाढ वद्य ८, शके १८३०

चि. सौ. उमाबाईस दत्तोपंताचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा चिंतामणी नागपंचमीच्या दंगलीत भगवंत लोहाराशी कुस्ती खेळणार हे वाचून मामाची छाती फुगली. पण तुमच्याकडच्या रीतीने डोके फिरले. दोन्ही मल्लांच्या घरच्या चुली सकाळपासून थंड ठेवायच्या. निकाल लागला की जिंकलेल्याच्या आईने चूल पेटवून त्यातला निखारा हरलेल्याच्या घरी द्यायचा! म्हणजे पराभव शिजवून खायला लावणे झाले. प्राचीन ग्रीसमध्ये हरलेला आडगल्लीने घरी जाई, पण त्याच्या चुलीला कोणी हात लावीत नसे. परवा महूच्या छावणीत गोऱ्यांचा फुटबॉलचा सामना पाहिला. आधी पलटणीचा बोकड शिंगांना फिती बांधून मैदानभर मिरवला. मूर्खपणाच, पण निरुपद्रवी. नागपंचमीला मी या रीतीवर येथे व्याख्यान देणार आहे. तू सरळ काडेपेटीने चूल पेटव.

सर्वांस यथायोग्य. माया आहेच, ती पातळ होऊ नये.

दत्तोपंत


देवास, आषाढ वद्य १३

तीर्थरूप दादांच्या चरणी उमेचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

बोकड चालतो आणि निखारा चालत नाही, हे माझ्या अल्पबुद्धीला कळले नाही. काडेपेटी तर विलायती. दिवाळीत स्वदेशीच्या व्रतापायी आपणच ती अंगणातल्या बादलीत बुडवलीत.

काळजी वेगळीच आहे. गाव एक, राज्ये दोन. रस्त्याच्या अलीकडे आम्ही धाकट्या पातीच्या राज्यातले, पलीकडे भगवंताची आई यमुनाबाई थोरल्या पातीची. निखारा रस्त्याच्या मधोमध घ्यायचा. तो परतवला, तर त्या दोन घरच्या मुलांनी पुन्हा एका आखाड्यात उतरायचे नाही. पाच वर्षे ही पोरे एकत्र जोर काढताहेत. आणि माई, माझ्या सासूबाई, म्हणतात की लोहाराघरचा विस्तव माझ्या सोवळ्याच्या चुलीत येणार नाही. चिंतामणीने जिंकावे, म्हणजे प्रश्नच मिटला, एवढेच मागते.

आपण रागवावे, पण विसरू नये.

आपली उमा


देवास, श्रावण शुद्ध ६

तीर्थरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार.

चिंतामणी हरला.

आम्ही बायका गच्चीवर होतो. दिसत काही नाही, नुसते ऐकायचे. हजारो माणसांचा गलका एकदम थांबला, ढोलही थांबले. दादा, एवढ्या माणसांची शांतता मी कधी ऐकली नव्हती. मग पलीकडच्या पातीचे ढोल वाजले.

यमुनाबाई खापरात निखारा घेऊन रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. दोन्हीकडे माणसेच माणसे. चिंतामणी नि भगवंत मातीने माखलेले, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे. माई दारात बसलेल्या, हलेनात. मला त्यांना ओलांडून जाता येईना. निखाऱ्यावर राख धरू लागली.

तेव्हा यमुनाबाई मोठ्याने म्हणाली की माईसाब, लौकर करा, चुलीत हा एवढाच निखारा धरलाय, दुसरा आणायला आमच्याकडे भट्टीही पेटलेली नाही. तुमच्या चिंतामणी भियाच्या मानासाठी सकाळीच विझवली. रीत फक्त चुलीची आहे, दादा. भट्टीची नाही.

माई तीस वर्षे त्या भट्टीवरच्या घणाच्या नावाने खडे फोडीत आल्या. काल सकाळी त्याच म्हणाल्या होत्या, आज ठोकाठोक कशी नाही, मला मेली झोप लागून राहिली. आता त्या उठल्या. सोवळ्यातच रस्त्यावर गेल्या, खापराला हात लावला आणि वाकून फुंकर घातली. पलीकडून यमुनाबाईनेही घातली. दोन पिकली डोकी एका निखाऱ्यावर. तो लाल झाला आणि दोघींचे चेहरे उजळले. कोणी ढोल वाजवला नाही.

घरात येऊन माई मला एवढेच म्हणाल्या की भात जरा जास्त टाक, भगवंतही जेवेल.

कृपा आहेच, ती वाढती ठेवावी.

उमा


धार, श्रावण शुद्ध ९

चि. सौ. उमेस आशीर्वाद.

पंचमीच्या पावसाने व्याख्यान अष्टमीवर गेले होते. सभेला निघताना तुझे पत्र आले. सभेत उभा राहिलो, व्याख्यान बाजूला ठेवून तुझे पत्र वाचले आणि खाली बसलो.

इतकी वर्षे समतेवर बोललो, पण कोणाच्या चुलीत फुंकर घातली नाही. माईंना माझा साष्टांग नमस्कार सांग, यमुनाबाईंनाही.

तो विस्तव राखेखाली जपून ठेव. गोकुळाष्टमीच्या पारण्याला जेवायला येतो. काडेपेटी आणणार नाही.

तुझा दादा