कोट घातलेला अंजीर

टोरोंटो, २० नोव्हेंबर १९७४

ती. वन्सं मिम्मा यांस,
इम्माचा सा. न. वि. वि.

तुमचे भाऊ गेले त्याला महिना झाला. इथं बर्फ सुरू झालंय. अंगणातलं अंजिराचं झाड थंडीनं मरू नये म्हणून दर हिवाळ्यात हेच गुंडाळायचे, यंदा मी गुंडाळलं. फांद्या दोरीनं आवळल्या, भोवती जुना गालिचा बांधला. तो अपुरा पडला म्हणून ह्यांचा तपकिरी ओव्हरकोट चढवला, बटणं लावली आणि पाणी आत जाऊ नये म्हणून वर बादली पालथी घातली. झालं! आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघावं तर हे अंगणात उभे. शेजारची असुंता कचरा टाकायला आली ती छातीवर क्रूस काढत पळाली.

मला भीती नाही वाटत. सकाळी कॉफी उकळली की काच ठोठावून ह्यांना सांगते. वेडी म्हणाल, म्हणा.

तुमच्या मायेची ऊब पोचू द्या.
इम्मा

कालाब्रिया, १२ डिसेंबर

चि. इम्मा हिस, अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले. जिवंतपणी सावेरिओ कधी एका जागी इतका वेळ उभा राहिला नाही!

पण एक ऐक. आईच्या दारातलं मूळ झाड धाकट्या भावानं तोडलं, गाडीला जागा हवी म्हणे. त्याचीच फांदी सावेरिओनं बोटीवरून उराशी धरून नेली होती. आता आईचा अंजीर जगात एकच, तुझ्या अंगणात. थंडी सरली की लगेच सोड त्याला. उन्हाळ्यापर्यंत बांधून ठेवलास तर आतल्या आत कुजेल. पुढच्या हिवाळ्यात एक फांदी मला पाठव, डोळे मिटायच्या आत इथं लावते.

जीव सांभाळ, म्हातारीला विसरू नकोस.
मिम्मा

टोरोंटो, १८ मे १९७५

ती. वन्सं, सा. न. वि. वि.

साऱ्या गल्लीनं आपापले अंजीर सोडले, मी नाही. असुंता रोज कुंपणावरून ओरडते, की बये, झाडाचा जीव घेतेस का. दोनदा कात्री घेऊन गेले आणि तशीच परत आले.

खरं सांगते, वन्सं. हिवाळाभर ह्यांचं तोंड माझ्या खिडकीकडे होतं. या आठवड्यात खांदा फाटकाकडे वळलाय. डावी बाही फुगलीय, आत हात असावा तशी. काल कोटावर तळवा ठेवला तर ऊबदार लागला. ह्यांना थडग्यात लोकांनी ठेवलं, पण ही दोरी कापायची ती मी. कापली की हे पुन्हा जातील, आणि या वेळी माझ्या हातानं. मला नाही जमणार.

रागावू नका, लोभ आटू देऊ नका.
इम्मा

कालाब्रिया, २ जून

चि. इम्मा, आशीर्वाद.

नमनाला घडाभर तेल घालत नाही. सावेरिओ त्या कोटात नाही. असता तर जूनमध्ये कोट चढवलास म्हणून त्यानंच तुला झापलं असतं. तो ना तुला धरून ठेवता आला, ना मला. पण आईचं झाड तुझ्या हाताखाली गुदमरतंय. हे पत्र खाली ठेव आणि कात्री घे.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
मिम्मा

टोरोंटो, ५ ऑक्टोबर

ती. वन्सं, सा. न. वि. वि.

पत्र आलं त्याच दिवशी दोरी कापली, तेव्हा मात्र लिहायचं बळ नव्हतं. बटणं काढली तर आत पांढरी पालवी, उजेड न पाहिलेली, मेणासारखी. एक फांदी चाचपडत बाहीतून मनगटापर्यंत आली होती. फाटकाकडे ऊन असतं, म्हणून झाड तिकडे रेललं होतं. ती पालवी उन्हानं करपली, शेंडे काळे पडले. मी पायरीवर बसून खूप रडले. खालच्या फांद्या मात्र तगल्या. तुमची फांदी पानं गळली की पाठवते.

या आठवड्यात फळं पिकली. मी नवरी होऊन इथं आले तेव्हापासून आमचा अंजीर म्हणजे मध, असंच समजत होते. यंदा स्वतः तोडून खाल्ला तर पाणचट. दुसराही पाणचट. असुंताला बोलले तशी ती हसली. म्हणाली, इथल्या थंडीत एखादाच गोड होतो. तुझा नवरा एकेक फोडून जिभेला लावायचा, गोड निघेल तो तुझ्या ताटात, फिके सगळे झाडाखालीच स्वतः खायचा.

मला ठाऊकच नव्हतं, वन्सं. काल एक खरंच गोड निघाला. तो हातात धरून मी मागं वळले, ह्यांना द्यायला. अंगणात कुणी नव्हतं. मग मीच खाल्ला.

माया असू द्या.
तुमची इम्मा