दोनदा वाजली की मी

३ मार्च, सकाळी
सरांच्या गॅलरीतून फोन. सर जाऊन चार वर्षं झाली. आता त्यांची कागदपत्रं आणि संग्रहातली चित्रं मांडून प्रदर्शन करणार आहेत. क्युरेटर कुणी मुलगी आहे. जुन्या फोटोंतली माणसं ओळखायला याल का, म्हणाली. अठ्ठावीस वर्षं सरांची सेक्रेटरी होते मी. सुचलं म्हणायचं कुणाला तरी. निश्चय : दोन दिवस ताटकळत ठेवायचं.

३ मार्च, दहा मिनिटांनी
हो म्हटलं. मुलीचा खोळंबा नको.

६ मार्च
दोनशे अकरा फोटो. सगळे ओळखले, चित्रकार, गिऱ्हाइकं, एका चित्रकाराचं कुत्रंसुद्धा. एका फोटोत सरांच्या खुर्चीमागे वही घेऊन मी. मुलीने विचारलं, ही कोण? म्हटलं, तुम्हीच ओळखा. समोर तर बसले होते. ती हसली, चिठ्ठीवर प्रश्नचिन्ह काढून पुढच्या फोटोकडे वळली. स्वतःचं नाव स्वतः पुढे करू नये, हे कॉन्व्हेंटात सिस्टरांनी पट्टीने शिकवलंय. ओळखेल. डोळे आहेत तिला.

सरांचं टेबलही मांडणार आहेत, बेलसकट. एकदा वाजली की चहा, दोनदा वाजली की मी.

११ मार्च
दुपारी चारला घरी पुन्हा बेल दोनदा वाजली. चार वर्षं वाजतेय. शेजारच्यांचा फ्रिज असणार. धाकटी म्हणते, ताई, तू फोनवर बोलता बोलता उठतेस आणि 'आले' म्हणतेस. गुडघे मोकळे करायला उठते मी. आणि ते खोकणं होतं.

१९ मार्च
मुलीचा फोन नाही. शिस्त म्हणून नाही हल्लीच्या पिढीला. उद्घाटनाचं भाषण तयार : सात मिनिटं. धाकटीने विचारलं, तुला बोलायला सांगितलंय कुणी? असं ऐन वेळीच सांगतात. तिला समारंभातलं काय कळतं.

२७ मार्च, उद्घाटन
बोलायला सांगितलं नाही. हॉलमध्ये आवाज घुमतो, बरंच झालं.

तो फोटो भिंतभर मोठा केलाय. खाली सगळ्यांची नावं. कुत्र्याचंही. डावीकडून तिसरी : अनोळखी महिला.

पर्समधून पेन्सिल काढली. पहारेकरी आला, हात लावू नका म्हणाला. म्हटलं, ही मी आहे. त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं. बरं बाई, म्हणाला, पण लांबूनच बघा.

बाकावर बसले. समोर दोरीपलीकडे टेबल, बेल, रिकामी खुर्ची. चार वाजले. दोनदा वाजली. एवढ्या गर्दीत एकाचीही मान वळली नाही.

पहारेकऱ्याला म्हटलं, बेल वाजवू देऊ नका लोकांना. तो म्हणाला, वाजेल कशी, वायर कापूनच आणलीय.

आले, म्हटलं. या वेळी खोकला नव्हता. दोरीला धरून खुर्चीच्या जरा मागे उभी राहिले, वही नव्हती एवढंच. एक जोडपं टेबलाचा फोटो काढत होतं. जरा बाजूला व्हाल का, म्हणाले.

झाले.