भगवानभाऊचा पंप

सेलू, १४ डिसेंबर १९७९

आजही माझी पिठाची चक्की भर दुपारी बंद पडली. शेजारच्या भगवानभाऊचा पंप सकाळपासून चालू. केळी कधीच भिजली, आता पाणी पांदणीच्या गाडीवाटेत वाहून राह्यलं. त्या पंपानं विजेचा दाब पडला की चक्कीचा पट्टा फिरत नाई.

त्याले म्हटलं, "बंद काऊन करत नाई?"

हसून म्हणे, "वहिनी, पंपाचा मीटर काढला सरकारनं. घंटाभर चालवा नाई तर दिवसभर, बिल तेवढंच."

अन् मले मीटर. दर ठरवणाऱ्यानं ती पांदण एकदा तरी पाह्यली काय?

चक्कीत त्याच्याच बायकोची ज्वारी अडकली होती. तिले तशीच भरड बांधून दिली. म्हटलं, "याच्याच भाकरी थापजो. नवऱ्यानं विचारलं, तर पांदणीकडे बोट दाखवजो."